एका ठरावाचे तीन कागद

वर्षाराणीला जगाशी बोलायचं होतं. अगदी खरोखरच्या जगाशी! शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता शाळेच्या संगणक खोलीतल्या पडद्यावर चौदा देशांतले लोक दिसणार होते, आणि त्यातली तीन मिनिटं वाशिम जिल्ह्याची होती. ती तीन मिनिटं इंग्रजीत बोलायला गावात दुसरं होतंच कोण? वर्षाराणी मालेगावला, तालुक्याच्या गावी, अकरावीत शिकत होती आणि नुकतीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. तेव्हापासून ती आरशासमोर वेणी घालतानासुद्धा "लेडीज अँड जंटलमन" म्हणायची. चुलीपासून आई ओरडायची, "लेडीज इथं एकच हाय माय, आन् तिले पान्याचा हंडा भरून पायजे!"

हे सगळं घडवून आणलं योगिनीताईंनी. ताई वाशिमच्या एका छोट्या संस्थेत काम करायच्या. त्यांची संस्था एका मोठ्या जागतिक मंचाशी जोडलेली होती. त्या मंचात शेतकरी होते, मजूर होते, मासेमार होते, जंगलातले लोक होते. बियाण्याच्या कंपन्या, तेलाची आयात, देशादेशांतले व्यापाराचे करार, या सगळ्यात ज्यांना कुणी विचारत नाही अशांनी मिळून आवाज उठवायचा, असं त्यांचं काम.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. एका बाजूला गावचे शेतकरी, त्यांच्या पुढे पुंजाजी, ज्यांना सगळे आबाजी म्हणत. वर्षाराणीच्या बाबांचे ते चुलते, पंचवीस एकरांचे धनी आणि शेतकरी गटाचे अध्यक्ष. दुसऱ्या बाजूला नाल्यापलीकडच्या तांड्यावरच्या बाया, त्यांच्या पुढे रुखमाबाई. तांड्यावरच्या लोकांची माळावर दोन-दोन एकरांची कोरडवाहू शेती. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून हंगामात गावचं सोयाबीन सोंगायचं, म्हणजे कापायचं, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं. रुखमाबाईंच्या टोळीत चाळीस बाया. त्यांची नात मंजू वर्षाराणीच्याच वर्गात, तिच्याच बाकावर.

"एक जिल्हा, एक ठराव," योगिनीताई म्हणाल्या. "पण तो मालकाचाही पाहिजे आणि मजुराचाही. दोघांपैकी एक जरी म्हणाला की हा माझा नाही, तर आपली तीन मिनिटं दुसऱ्या कुणाला जातील."

"असं काहून?" पुंजाजींनी विचारलं.

"कारण जगभर हेच भांडण चालू आहे, आबाजी. मोठ्या संघटना म्हणतात, आधी सगळे मिळून कंपन्यांशी लढू, आपसातलं नंतर पाहू. लहान म्हणतात, ते नंतर कधी येतच नाही. तीन वर्षं भांडून मंचानं हा नियम केलाय."

पुंजाजींनी मान हलवली. "मंग लिवा. बाहीर देशातून तेल येऊन राह्यलं आन् आमची सोयाबीन मातीमोल झाली. भाव ठरवतानी शेतकऱ्याले इचारा. दुसरं, बियानं आमचं आमाले ठिवू द्या."

यावर सगळ्यांच्याच माना हलल्या. रुखमाबाईंचीही हलली. मग त्या म्हणाल्या, "आन् तिसरं. सोंगनीचा गुत्ता ठरते तवा आमच्या दोन बाया पारावर बसतीन. हे लिवा."

आता झाली पंचाईत! गावाची रीत अशी होती की पोळा होऊन सोयाबीन पिवळं पडायला लागलं, की शेतकरी मारुतीच्या पारावर जमत आणि एकरी सोंगणीचा दर, म्हणजे गुत्ता, ठरवत. मग ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तो दर पुकारला जाई, आणि तांड्याला तो तिथूनच कळे. या वर्षीचा दर येत्या रविवारी ठरणार होता.

"रुखमाबाई, ही गावातली गोष्ट झाली," पुंजाजी शांतपणे म्हणाले. "घरातलं वेशीवर कायले टांगता?"

"घरातलं म्हनता आबाजी, मंग सांगा आमी कोन्या घरातले."

कुणाचा आवाज चढला नाही. चहा आला, सगळ्यांनी प्यायला, कप जागच्या जागी ठेवले, आणि दोन्ही बाजू दोन दिशांना निघून गेल्या. योगिनीताईंनी वर्षाराणीच्या हातात एक पुस्तिका ठेवली. "वाच. शुक्रवारपर्यंत काही जमलं तर पाहू."

पुस्तिकेचं नाव होतं 'आघाडीची बांधणी'. वर्षाराणीनं ती त्याच संध्याकाळी वाचून काढली. त्यात एक वाक्य होतं, "समान मुद्दे पुढे आणा, वादाचे मुद्दे कौशल्याने हाताळा." कौशल्यानं! वर्षाराणीला वाटलं, हे वाक्य कुणीतरी तिच्यासाठीच छापलंय. तिनं पेन घेतलं आणि दोन कागद केले.

दोन्ही कागदांवर पहिली दोन कलमं सारखीच होती. गावच्या कागदावर तिसरं कलम असं होतं की शेतकरी व मजूर यांच्यात सलोखा आहे व तो वाढावा. तांड्याच्या कागदावर होतं की सोंगणीचा दर ठरवताना मजूर स्त्रियांच्या दोन प्रतिनिधी बसतील. ज्याला जे हवं ते त्याला. आणि शुक्रवारी वाचायचं तर इंग्रजीतच होतं. त्यासाठी तिनं तिसरा कागद केला, आणि त्यात लिहिलं की स्थानिक प्रश्नांवर आमचा संवाद उत्तम चालू आहे. तिघांनाही खूश करणारं असं राजकारण पुस्तिकावाल्यांनाही जमलं नसतं, असं तिला मनापासून वाटलं.

पुंजाजींनी आपला कागद दोनदा वाचला आणि सही केली. "शहानी झाली पोट्टी," म्हणाले. मंगळवारी तांड्यावर मंजूनं दुसरा कागद आजीला वाचून दाखवला.

"आबाजी कबूल झाले?" रुखमाबाईंनी विचारलं.

"हो नं, माय," वर्षाराणी म्हणाली.

"येवढ्या लवकर?" मंजूनं तिच्याकडे पाहिलं.

"समजावून सांगता आलं पायजे न व."

रुखमाबाईंनी साक्षरता वर्गात गिरवलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. ते लिहायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ वर्षाराणी छपराच्या वाशांकडे बघत राहिली.

बुधवारी संध्याकाळी वर्षाराणी आणि मंजू एसटीतून फाट्यावर उतरल्या तेव्हा गावाकडून भोंग्याची घरघर ऐकू आली. भोंगा म्हणजे गावचं रेडिओ स्टेशन. नळाला पाणी, रेशनचं धान्य, जनावरांचं लसीकरण, सगळं त्याच्यावरून. ग्रामपंचायतीचा शिपाई हरीओम गळा साफ करून बोलायला लागला, "सर्व गावकऱ्यांना कळविन्यात येते की आपल्या गावाचा ठराव साऱ्या जगात जानार हाय! कलम एक..."

पुंजाजींना राहवलंच नव्हतं. गावात ठरलेली प्रत्येक गोष्ट भोंग्यावर येते, मग ही का नाही?

वर्षाराणीचे पाय रस्त्याला चिकटले. रस्त्याच्या कडेच्या वावरात रुखमाबाईंची टोळी उडीद तोडत होती. एकेक करून बाया उभ्या राहिल्या, कानामागे हात धरून ऐकायला लागल्या.

"...कलम तीन, शेतकरी व मजूर यांच्यात सलोखा हाय व तो वाढावा!"

"तीन नंबरचं काय म्हनलं त्यानं?" मंजूनं विचारलं.

"मले काही आयकू नाही आलं."

पण हरीओम कुठलीही गोष्ट एकदाच सांगत नसे. पुकारा दोनदा करायचा, अशीच रीत होती. दुसऱ्या वेळी तर त्यानं तिसरं कलम अजूनच खणखणीत म्हटलं. वावरातल्या बाया खाली बसल्या आणि कामाला लागल्या. एकीनंही मान वर केली नाही.

"मी वाचून देल्लं आजीले," मंजू म्हणाली. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर परवडलं असतं. "माह्या तोंडावर भरोसा ठिवून तिनं सही केली. तू मले खोट्यात पाडलं वर्षे."

"मंजे, आयक तं..."

"कोन्या तोंडाचं आयकू? एक तं सांग."

आणि ती नाल्याच्या वाटेनं निघून गेली.

गुरुवारी एसटीत मंजू ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, एका म्हाताऱ्याच्या कोंबडीशेजारी बसली. वर्गातही दुसऱ्या बाकावर बसली. तांड्यावरून निरोप आला की शुक्रवारी कुणी येणार नाही. योगिनीताईंचा फोन आला. "असं असेल तर वेळ परत द्यावी लागेल मला. उद्या दुपारपर्यंत सांग." त्या रागावल्या नव्हत्या, फक्त थकल्यासारख्या वाटल्या, आणि त्याचंच वर्षाराणीला जास्त लागलं.

कॉलेज सुटल्यावर ती घरी गेलीच नाही. दप्तर पाठीवर तसंच ठेवून तांड्यावर गेली. रुखमाबाई ओट्यावर बसून दगडावर विळ्यांना धार लावत होत्या. समोर सात-आठ विळे रांगेनं मांडलेले. मंजू आत होती. भांड्यांचा आवाज आला, मग थांबला.

"माय, मी खोटं बोललो," वर्षाराणी म्हणाली. रस्ताभर तिनं मोठं भाषण तयार केलं होतं. ते कुठे गेलं कुणास ठाऊक. "आबाजी कबूल नव्हते झाले. त्यायचा कागद येगळा, तुमचा येगळा."

"ते त भोंग्यानंच सांगतलं." विळा दगडावर फिरत राहिला. "मले येक सांग. तिकडच्या लोकायले इंग्रजीत काय सांगनार व्हती? आबाजीचं का माह्यं?"

वर्षाराणीनं मान खाली घातली. "तिसरंच."

विळा थांबला. "तिसरं बी हाय?"

"हो."

"अबा बाप्पा!" रुखमाबाई इतक्या जोरात हसल्या की शेजारच्या छपरातून कुणीतरी डोकावलं. "मंजू, आयकलं काय व? तिसरं बी हाय म्हनते!" आत भांडी पुन्हा वाजायला लागली. रुखमाबाईंनी डोळे पुसले, हात पदराला पुसले, आणि उठल्या. "चाल. हे जे मले सांगतलं ते आबाजीले सांग. माह्यासमोर. पारावर."

"पारावर? घरी सांगतो नं मी आबाजीले."

"घरी सांगशीन त मले कसं आयकू येईन?"

मारुतीच्या पारावर संध्याकाळचे सात-आठ जण बसलेले होते. पारावर बायांनी बसू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलंच नसल्यामुळे कुणाला ते वाचून दाखवायची सोय नव्हती. रुखमाबाई सरळ पाराच्या कडेला जाऊन टेकल्या. दोन माणसं आपोआप सरकली.

"रुखमाबाई, तुमी त बसल्याच," पुंजाजी म्हणाले.

"पोरीचं आयकायले आलो. उभं राहून गुडघे दुखतात आबाजी."

वर्षाराणीनं सगळं सांगितलं. तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलीनं इतकं अडखळत भाषण कधी केलं नसेल. पुंजाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे मी ज्याच्यावर सही केली तो ठराव कोनाचा व्हता?"

"तुमचा एकट्याचा आबाजी."

"आन् मी भोंग्यावर पुकारला." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "साऱ्या गावात मले येडं बायताड केलं माय."

पारावरचे एकमेकांकडे बघायला लागले. बोलल्या त्या रुखमाबाईच. "आबाजी, तुमी सोयाबीन बाजारात नेता. भाव कोन ठरवते?"

"व्यापारी. आन् त्याले इचारलं त तो म्हनते बाहीर देशात पडला."

"तुमाले इचारते?"

"आमाले कोन इचारते! आमी आपले ट्रॅक्टरपासी उभे. फळ्यावर लिवते तो भाव."

"तुमचा फळा," रुखमाबाई म्हणाल्या, "आन् आमचा भोंगा."

पारावरचा एकजण खोकला. पुंजाजी मांडीवरच्या टोपीची घडी सारखी करत राहिले. ती आधीच सरळ होती. वर्षाराणीला वाटलं, आता आबाजी विरघळतील, म्हणतील तुमचं खरं आहे. पण पुंजाजी काही साखर नव्हते विरघळायला.

"बसा म्हना," ते शेवटी म्हणाले. "पन लिवू नोका. जगापुढं गावाची शोभा कायले?"

"लिवलं नाही त भोंग्यावर येत नाही. आन् भोंग्यावर आलं नाही ते या गावात झालंच नाही."

"आन् माह्या मागं बसनाऱ्यायचं काय? मी एकटा हो म्हनून चालते? इथंच पाहा नं, तिघायचे तोंडं आंबट झाले."

"मंग तेच लिवा. आबाजीचं ठरलं नाही म्हना."

"सह्या कोनाच्या पह्यले?" मागून कुणीतरी विचारलं.

वर्षाराणीला राहवलं नाही. "गोल करू नं! गोलाकार सह्या केल्या म्हंजे पह्यला कोनीच नाही!"

"गोल केलं तरी वाचायले कुठून तरी सुरू कराच लागते," रुखमाबाई म्हणाल्या, आणि अख्खा पार हसला. ज्यांची तोंडं आंबट होती तेसुद्धा. वर्षाराणी लाल झाली आणि पेन हातात घेऊन गप्प बसली.

तिथेच, दप्तरातल्या वहीच्या पानावर, एकच ठराव लिहिला गेला. पहिली दोन कलमं तीच. तिसरं असं, "सोंगणीचा दर ठरवताना आम्ही बसू, असं मजूर म्हणतात. शेतकऱ्यांचं अजून ठरलं नाही. रविवारी पारावर बोलणार." इतकं ओबडधोबड वाक्य वर्षाराणीनं आयुष्यात लिहिलं नव्हतं.

"असा ठराव असते काय कुठं?" ती कुरकुरली.

"आपला असते," रुखमाबाई म्हणाल्या. "आन् आबाजी, आणखीन येक. ही पोरगी उद्या वाचनार नाही. तुमचं तुमी बोला, माह्यं मी बोलीन. ही फक्त इंग्रजी करीन. मंजू शेजारी बसीन. येक शब्द इकडचा तिकडं झाला त मंजू सांगीन."

"बराबर," पुंजाजी म्हणाले. त्या अख्ख्या संध्याकाळी दोघांचं लगेच एकमत झालं अशी ती एकमेव गोष्ट.

घरी जाताना वर्षाराणीनं वहीचं ते पान दोनदा उघडून पाहिलं. तीन मिनिटं तिची होती, आणि ती आता नव्हती. आरशातलं 'लेडीज अँड जंटलमन' कुणाला कामाचं राहिलं नव्हतं. तरी रात्रीच्या भाकरीसोबत तिनं दोन मिरच्या जास्त खाल्ल्या, आणि आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "उद्या बोलायचं हाय मले. पन दुसऱ्यायचं."

शुक्रवारी तांड्याच्या दहा बाया आल्या, गावचे बारा जण आले. योगिनीताईंनी तो ठराव वाचून भुवया उंचावल्या. "मंचाच्या नियमात 'अजून ठरलं नाही' असं काही बसत नाही," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण बसत नाही असंही कुठे लिहिलेलं नाही."

पडद्यावर चौकटी उघडत गेल्या. एका चौकटीत समुद्राचा वारा इतका होता की बाईचा आवाजच येईना. एकीत केळीच्या मळ्यातल्या मजुरांची पुढारी होती, तिच्या मागे भिंतीवर पावसाचे डाग. वर्षाराणी माइकपाशी, शेजारी मंजू, हातात पेन्सिल. मंजू तिच्याशी अजून एक शब्द बोलली नव्हती.

पुंजाजी बोलले. वर्षाराणीनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, अगदी "मातीमोल"साठी शब्द शोधायला अडखळत. मग रुखमाबाई बोलल्या. तिसरं कलम आलं. शेतकऱ्यांचं अजून ठरलं नाही. चौकटींमध्ये काही जण पुढे वाकले. केळीच्या मळ्यातल्या बाईनं हात वर केला आणि तिच्या भाषेत काही विचारलं. दुभाष्यानं ते इंग्रजीत केलं, वर्षाराणीनं मराठीत. "रविवारी नक्की बसणार आहात का? किती वाजता?"

पुंजाजींना हा प्रश्न आवडला नाही. "सांग तिले, ते आमचं आमी पाहून घेऊ."

वर्षाराणीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. हो, नक्की, आम्हाला आनंदच आहे. किती गुळगुळीत, किती छान वाक्य! चौदा देश टाळ्या वाजवतील. मंजूची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, हलत नव्हती. वर्षाराणीनं श्वास घेतला आणि सांगितलं, "ते म्हणतात, ते आमचं आम्ही पाहून घेऊ."

योगिनीताईंनी डोळे मिटले.

"आबाजी," रुखमाबाई म्हणाल्या, "बाई वेळ इचारून राह्यली."

"सकाळी."

"सकाळी आमी उडदात असतो."

"मंग दुपारी."

"दुपारी तुमी झोपता."

वर्षाराणी प्रत्येक वाक्य इंग्रजीत टाकत गेली, एकापाठोपाठ एक. झोपेचं टाकलं तेव्हा आधी इंग्रजी कळणाऱ्या चौकटी हसल्या, मग थोड्या वेळानं बाकीच्या. पुंजाजींनी मागे वळून आपल्या लोकांकडे पाहिलं. त्यांनी टोपी नीट केली.

"पाच वाजता," ते म्हणाले.

"पाच?"

"पाच म्हनलं नं. आन् दोनच बाया. तिसरी नाही."

वर्षाराणीनं सांगितलं. संध्याकाळी पाच, दोन बाया, तिसरी नाही. केळीच्या मळ्यातल्या बाईनं खाली वाकून काहीतरी लिहून घेतलं. तीन मिनिटं केव्हाच संपली होती.

पडदा बंद झाला तेव्हा वर्षाराणीनं माइक बाजूला सरकवला. तिनं शेजारी पाहिलं. मंजूच्या कागदावर एकही खूण नव्हती.

"'झोपता'चं बराबर सांगतलं नं मी?" तिनं हळूच विचारलं.

मंजूनं पेन्सिल कंपासमध्ये ठेवली. "बराबर सांगतलं," ती म्हणाली. "पन 'मातीमोल'ले चुकली."